दगडाच्या पोटांतील पैलू

एखाद्या संग्रहालयांत कांचेच्या कपाटामागें ठेवलेला नैसर्गिक स्फटिक पाहतांना पुष्कळांच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो : हे पैलू कोणीं पाडले? प्रश्न साहजिक आहे. सरळ कड, आरशासारखें सपाट पृष्ठ आणि दोन पृष्ठांमधील नेमका कोन हीं सारीं मनुष्याच्या हातोटीचीं लक्षणें होत, अशी आपली समजूत असते. डोंगर ओबडधोबड असतो, नदींतील गोटा वाटोळा असतो, मातीचें ढेंकूळ कसेंही असतें; तेव्हां कोठें रेखीवपणा दिसला कीं त्यामागें छिन्नी असलीच पाहिजे, असें आपण गृहीत धरतों. आज या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें आहे. आणि त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अंबरनाथ, बदलापूर व वांगणी हीं स्थानकें लागतात. चामटोली हें गांव याच बदलापूरच्या परिसरांतलें. या भागांत विहीर खणा, रस्त्यासाठीं टेकडीची कड कापा, कीं घराच्या पायासाठीं चर काढा. माती आणि मुरूम संपला म्हणजे लागतो तो काळवथर, ज्याला शास्त्रांत बेसाल्ट असें म्हणतात. माथेरान, चंदेरी, मलंगगड हे डोंगर याच काळ्या पाषाणाचे. अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवमंदिर याच पाषाणाचें; तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा आहे. त्या मंदिराच्या भिंतींवरील प्रत्येक कड आणि प्रत्येक कोन मनुष्याच्या छिन्नीनें घडविलेला आहे. परंतु याच जातीच्या पाषाणाच्या पोटांत, महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं, असेही पैलू सांपडतात कीं ज्यांना कोणत्याही छिन्नीचा कधीं स्पर्श झालेला नाहीं. ते पैलू कसे निर्माण झाले हें समजून घेण्यासाठीं आरंभ मात्र डोंगरापासून न करतां स्वयंपाकघरापासून केलेला बरा.

जाड्या मिठाचे चार दाणे काळ्या कागदावर टाका आणि साध्या भिंगांतून पाहा. पुष्कळसे दाणे तुटलेले असतील. पण एखादा तरी सहा चौकोनी बाजूंचा, फांशासारखा दिसेल. आतां खडीसाखरेचा खडा घ्या. त्याचा आकार फांशासारखा नाहीं. त्याच्या बाजू तिरकस असतात आणि त्यांची मांडणी निराळी असते. तुरटीचा स्फटिक स्वच्छ द्रावणांत सावकाश वाढूं दिला तर त्याला आठ त्रिकोणी बाजू येतात. मिठागरांतील मजूर मिठाला चौकोनी घडवीत बसत नाहीं; हलवाई खडीसाखरेला कोन पाडीत नाहीं. मिठागरांत समुद्राचें पाणी उन्हानें आटतें. हलवायाच्या कढईंत दाट पाक सावकाश निवतो आणि पाकांत सोडलेल्या दोऱ्यावर साखर बसत जाते. आकार ज्याचा त्यानेंच घेतलेला असतो.

या दोन उदाहरणांत स्फटिक वाढण्यास लागणाऱ्या पहिल्या गोष्टी दिसून येतात. पाण्यांत एखादा पदार्थ विरघळण्यास कांहीं मर्यादा असते. त्या मर्यादेपर्यंत विरघळला म्हणजे द्रावण संपृक्त झालें असें म्हणतात. यानंतर पाणी आटलें, किंवा ज्या पदार्थाच्या बाबतींत उष्णतेनें पाण्याची धारणशक्ति वाढत असते त्याचें द्रावण निवलें, तर पाण्यांत सामावेल त्याहून अधिक पदार्थ त्यांत उरतो. हें अतिसंपृक्त द्रावण. साखर व तुरटी यांचें द्रावण निवूं दिलें कीं स्फटिक पडतात. मिठाच्या विद्राव्यतेंत उष्णतेनें फारच थोडा फरक पडतो, म्हणून मिठासाठीं पाणी आटवावेंच लागतें. अधिक झालेल्या पदार्थाला बाहेर पडण्यासाठीं एखादें आसन लागतें. दोऱ्याचा तंतु, भांड्याचा ओरखडा, धुळीचा कण किंवा त्याच पदार्थाचा एक सूक्ष्म दाणा हें तें आसन होय. एकदां आरंभ झाला म्हणजे पुढील कण नवें आसन न शोधतां त्या दाण्यावरच येऊन बसतात.

परंतु ते नुसते ढीग लावल्यासारखे बसत नाहींत, आणि येथेंच आकाराचें रहस्य आहे. इसवी सन १६६९मध्यें निकोलस स्टेनो या मूळच्या डॅनिश विद्वानानें फ्लॉरेन्स येथें गारेच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या, स्फटिकांविषयीं एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली. स्फटिक लहान असो कीं मोठा, लांबट असो कीं बुटका, त्याच्या त्याच त्या बाजूंमधील कोन बदलत नाहीं. क्वार्ट्‌झच्या स्तंभाच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंमध्यें १२० अंशांचाच कोन सांपडतो. मग तो स्फटिक आल्प्समधला असो कीं सह्याद्रींतला. पुढें १७८४ सालीं फ्रान्समध्यें रेने-जूस्त आयी यानें त्याचें कारण सुचविलें. त्याच्या हातून कॅल्साइटचा एक नमुना पडून फुटला आणि प्रत्येक तुकडा त्याच तिरक्या फांशाच्या आकाराचा निघाला, असें सांगतात. कथा कशीही असो, कॅल्साइट आजही तसाच फुटतो. त्या तुकड्याच्या बाजू म्हणजे सुमारे १०२ व ७८ अंशांचे कोन असलेले तिरके चौकोन असतात. आयीनें अनुमान केलें कीं, स्फटिक एकसारख्या अतिसूक्ष्म विटांनीं रचलेला असला पाहिजे.

हें अनुमान सव्वाशें वर्षें अनुमानच राहिलें. १९१२ सालीं म्यूनिक येथें माक्स फॉन लाउए याच्या कल्पनेवरून त्याच्या सहकाऱ्यांनीं मोरचुदाच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडले आणि मागील छायाचित्रपटलावर ठिपक्यांची मांडणी उमटली. स्फटिकाच्या आंत कण रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें ठराविक अंतरांवर मांडलेले असल्यावांचून असें होणें शक्य नव्हतें. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत ब्रॅग पितापुत्रांनीं मिठाची आंतील रचना उलगडली : सोडियमच्या शेजारीं क्लोरीन, क्लोरीनच्या शेजारीं सोडियम, वर, खालीं आणि चारी बाजूंस. रांगोळीचे ठिपके पाटावर असतात. येथें ते लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना पसरलेले असतात. एक मिलिमीटर लांबीच्या मिठाच्या दाण्याच्या एका कडेवर असे सुमारे पस्तीस लक्ष कण एका ओळींत उभे असतात. दाण्याची चौकोनी बाजू ही त्या ओळींची बाहेरून दिसणारी हद्द होय.

येथें कोणी विचारील कीं, आंतील मांडणी व्यवस्थित असली तरी बाहेरची बाजू सपाट कां असावी? कण तर द्रावणांतून सर्व बाजूंनीं येत असतात. याचें कारण असें. सपाट पृष्ठावर एकटा येऊन पडलेला कण केवळ खालच्या कणांना चिकटतो. त्याची पकड दुर्बल असते आणि तो पुन्हां पाण्यांत निघून जातो. परंतु पृष्ठावर एखादा अर्धवट झालेला थर असेल तर त्या थराच्या पायरीशीं कणाला खालून आणि बाजूनेंही आधार मिळतो. म्हणून कण पायरीच्या कडेला बसत जातात, पायरी पुढें सरकत जाते, थर पुरा होतो आणि पृष्ठ पुन्हां सपाट होतें. गवंडी जसा एक थर पुरा करून मग वरचा थर धरतो, तसेंच हें काम चालतें. फरक इतकाच कीं येथें गवंडी कोणी नाहीं. आतां, थर पुरा झाल्यावर नवीन पायरी कोठून येते? १९४९ सालीं ब्रिस्टल विद्यापीठांतील चार्ल्स फ्रँक यानें त्याचें उत्तर दिलें. स्फटिकाच्या रचनेंत कोठें तरी एक लहानसा पीळ पडलेला असतो. त्या दोषामुळें पृष्ठावर जी पायरी उत्पन्न होते ती गोल जिन्याप्रमाणें फिरत राहते आणि कधींच संपत नाहीं. असे फिरते जिने पुढें लवकरच सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष पाहण्यांत आले. निर्दोष दिसणाऱ्या स्फटिकाची वाढ अशा प्रकारें बहुधा एका दोषाच्या आधारानें चालते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

याहूनही चमत्कारिक वाटेल अशी दुसरी गोष्ट आहे. स्फटिकावर ज्या बाजू मोठ्या दिसतात त्या वेगानें वाढलेल्या असतात, असें आपणांस वाटेल. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. असें समजा कीं एका शेताला आठ बांध आहेत : चार लांब, आणि चारी कोपरे तिरके छाटणारे चार आंखूड. शेतकरी दरवर्षीं सर्व बांध बाहेर सरकवतो. लांब बांध हातभर, तर कोपऱ्यांचे तिरके बांध चार चार हात. काय होईल? कोपरे झपाट्यानें बाहेर निघतील, तिरके बांध दरवर्षीं आंखूड होत जातील आणि शेवटीं नाहींसे होतील. उरेल तें चौकोनी शेत, आणि त्याच्या चारी बाजू सावकाश सरकणाऱ्या बांधांच्या असतील. स्फटिकाचें असेंच आहे. वेगानें वाढणारी बाजू आपल्याच वेगानें स्वतःला संपवते. मंद गतीनें वाढणारी बाजू मागें राहते आणि तीच आपल्याला पैलू म्हणून दिसते.

हें ध्यानांत आलें म्हणजे आणखी एक कोडें सुटतें. एकाच खनिजाचे स्फटिक निरनिराळ्या आकारांचे कसे असूं शकतात? कॅल्साइट कोठें कुत्र्याच्या सुळ्यासारखा टोंकदार, कोठें बुटक्या षट्‌कोनी खुंट्यासारखा, तर कोठें तिरक्या फांशासारखा सांपडतो. आंतील रचना सर्वत्र एकच. मात्र कोणत्या बाजूची वाढ किती मंदावली हें भोंवतालच्या पाण्यावर अवलंबून असतें. साध्या मिठाच्या द्रावणांत युरिया मिसळला तर तेंच मीठ फांशाचा आकार सोडून अष्टफलक होतें. युरियाचे कण विशिष्ट बाजूंना चिकटून त्यांची वाढ रोखतात आणि म्हणून त्याच बाजू शिल्लक राहतात. हा प्रकार अठराव्या शतकाच्या अखेरीसच लक्षांत आला होता; त्याचें कारण मात्र फार पुढें कळलें. थोडक्यांत, कोन ठरवतो तो आंतील स्वभाव, आणि कोणती बाजू किती मोठी व्हावी हें ठरवते ती बाहेरची परिस्थिति. स्फटिकाचा आकार या दोहोंची मिळून झालेली नोंद असतो.

आतां आपण आपल्या काळवथराकडे परत येऊं. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून शिलारसाचे पूर वारंवार बाहेर आले आणि थरावर थर साचून दख्खनचें पठार तयार झालें. आजही त्याचें क्षेत्र सुमारे पांच लक्ष चौरस किलोमीटर आहे. हा खडक स्वतःही स्फटिकांचाच बनलेला आहे. परंतु रस निवतांना असंख्य स्फटिक एकाच वेळीं वाढूं लागले. प्रत्येकाला शेजाऱ्यानें अडवलें आणि कोणालाच आपला आकार पुरता घेतां आला नाहीं. गर्दीच्या डब्यांत चढलेल्या उतारूंप्रमाणें जो तो मिळेल त्या जागेंत अंग चोरून बसला. म्हणून दगड काळा, घट्ट आणि निराकार दिसतो.

मात्र रसांत वायुही होता. भाकरीच्या पिठाला पाणी लागल्यावर तव्यावर जसे फुगे येतात तसे त्या रसांत बुडबुडे उठले. कांहीं बाहेर पडले आणि कांहीं, विशेषतः प्रत्येक थराच्या वरच्या भागांत, रस गोठतांना आंतच अडकून राहिले. हे बुडबुडे मोहरीएवढ्यापासून क्वचित् माणूस उभा राहील एवढ्या पोकळ्यांपर्यंत असतात. पुढें भेगांतून झिरपणारें पाणी, जमिनीच्या पोटांतील उष्णतेनें तापून, खडकांतील कांचेसारखे व इतर अंश झिजवीत गेलें. त्यांतील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम हीं द्रव्यें घेऊन तें पोकळ्यांत शिरलें. तेथें तें सावकाश निवलें किंवा त्याचा गुण बदलला आणि मिठागरांतील व कढईंतील तोच प्रकार घडला. फरक एवढाच कीं येथें दोऱ्याच्या जागीं पोकळीची भिंत होती, आणि घाई कोणालाच नव्हती. खडकानें जी जागा नाकारली होती ती या रिकाम्या बुडबुड्यानें देऊं केली.

भिंतीवर आरंभीं असंख्य सूक्ष्म स्फटिक वाटेल त्या दिशेनें उगवतात. जे आडवे वाढतात ते शेजाऱ्यावर आदळून थांबतात. ज्यांचें तोंड पोकळीच्या मध्याकडे असतें तेच पुढें वाढूं शकतात. म्हणून अशी गारगोटी फोडली असतां आंतील सारीं टोकें मध्याकडे वळलेलीं दिसतात. तीं कोणीं ओळींत लावलेलीं नसतात. जीं भलत्या दिशेला निघालीं तीं खालींच राहिलीं, इतकेंच. आणखी एक गोष्ट येथें वाचतां येते. भिंतीला चिकटून असेल तें बहुधा पहिलें, त्याच्यावर बसलेलें तें नंतरचें. पोकळी ही एक वही असते आणि तिचीं पानें बाहेरून आंत वाचावयाचीं असतात.

या पोकळ्यांत सांपडणाऱ्या खनिजांपैकीं पुष्कळशीं झिओलाइट या कुळांतील आहेत. हें नांव १७५६ सालीं स्वीडनच्या ॲक्सेल क्रोन्स्टेट यानें दिलें. तापवतांच तें खनिज फेसाळतें असें पाहून त्यानें ग्रीक शब्दांवरून त्यास ‘उकळणारा दगड’ म्हटलें. उकळतें तें त्याच्या रचनेंत गोंवलेलें पाणी. या कुळांतील स्टिल्बाइट भाताच्या पेंढीसारखा दिसतो : मध्यें आंवळलेला आणि दोन्ही टोकांस पसरलेला. अनेक पातळ स्फटिक किंचित् कोन बदलून एकमेकांशेजारीं वाढतात, म्हणून ही पेंढी होते. स्कोलेसाइटच्या बारीक पांढऱ्या सुया एका केंद्रापासून फांकतात. त्यांची वाढ एकाच दिशेला जोरानें होते. ओकेनाइटचे तंतु तर इतके बारीक कीं त्याचा गोळा कापसाच्या बोंडासारखा भासतो. ॲपोफिलाइट काटेकोर अर्थानें झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच संगतींत राहतो. त्याचे स्फटिक चौकोनी खांबासारखे किंवा शिखरासारखे निमुळते असतात. पुण्याकडील हिरव्या ॲपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियमच्या अल्प अंशामुळें येतो, हें जॉर्ज रॉसमन यानें १९७४ सालीं दाखवून दिलें. म्हणजे रंगासाठीं लागणारा पाहुणा कण अगदीं थोडा असला तरी चालतो.

बदलापुराहून निघणारी गाडी कर्जतनंतर जो बोरघाट चढते, त्या घाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्यासाठीं डोंगर कापतांना व बोगदे खणतांना ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे देखणे नमुने निघाले आणि युरोपांतील संग्रहालयांत पोंचले. पुढें मुंबईंतील कांदिवलीची खाण, पुण्याचा पाषाण भाग, नाशिक व जळगांव जिल्ह्यांतील खाणी हीं नांवें खनिजशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित झालीं. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नांवाचें गडद निळें खनिज सांपडलें. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांवरून बनविलेलें हें नांव अमेरिकेंतील ओरेगॉनमध्यें १९६७ सालीं प्रथम आढळलेल्या खनिजाचें आहे, परंतु त्याचे उत्कृष्ट नमुने वाघोलीचेच मानले जातात. हीं सारीं रत्नें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयाचीं असतील तर सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयांत जावें.

यांना वाढावयास किती काळ लागला असेल? दख्खनच्या कांहीं स्फटिकांचें वय मोजलें असतां ते शिलारस गोठल्यानंतर कोट्यवधि वर्षांनीं तयार झाल्याचें आढळलें आहे. म्हणजे पोकळ्या भरण्याचें काम एकाच वेळीं झालें नाहीं. वाढ किती मंद असूं शकते याचें मोजमाप मेक्सिकोंतील नायका खाणीच्या गुहेंतील जिप्समच्या प्रचंड स्फटिकांवरून मिळतें. तेथें अकरा मीटर लांबीचे स्फटिक आहेत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीवरून त्यांची वाढ शतकांत साधारण केसाच्या जाडीहूनही कमी होती असें दिसतें. त्या वेगानें एक मीटर जाडी यावयास सुमारे दहा लक्ष वर्षें लागतील. प्रत्येक स्फटिक इतका मंद असतो असें नव्हे. पण मोठा आणि स्वच्छ स्फटिक हवा असेल तर घाई चालत नाहीं, हा नियम सर्वत्र एकच. पाक झटकन निववला तर साखरेची भुकटी होते. खडा होत नाहीं.

हें सर्व सांगण्याचें एक कारण आहे. मुंबई, ठाणें, पुणें आणि त्यांच्याभोंवतीं वाढणारीं अंबरनाथ-बदलापूरसारखीं शहरें हीं या काळवथराच्या खडीवरच उभीं राहिलीं आहेत. ज्या घरांत बसून आपण हें ऐकत आहां त्याच्या भिंतींतही ती खडी आहे. तेव्हां खाणी नकोत असें म्हणण्याचा अधिकार आपणांपैकीं फारच थोड्यांना पोंचतो. किंबहुना खाण खणली नसती, घाट कापला नसता, तर या पोकळ्या कोणाच्या दृष्टीसही पडल्या नसत्या. परंतु ज्या सुरुंगानें पोकळी उघडते त्याच सुरुंगानें ती चुरडूनही जाते. आणि जी वांचते ती पुष्कळदां खडीबरोबर यंत्रांत जाते. कोट्यवधि वर्षांत भरलेली पोकळी एका क्षणांत रस्त्याची खडी होते, आणि पुन्हां ती भरण्याची वाट पाहावयास कोणी नसतें.

जे नमुने वांचतात त्यांचेंही एक दुर्दैव असतें. खाणींतील कामगार अशा पोकळ्या ओळखतात, त्या जपून काढतात आणि त्यांना चार पैसे मिळतात; यांत वावगें कांहीं नाहीं. पण हातोहात विकला जातां जातां नमुना आपलें गांव विसरतो. परदेशच्या कपाटांत तो जाऊन बसतो तेव्हां त्याखालच्या चिठ्ठीवर कधीं कधीं केवळ ‘भारत’ एवढेंच उरतें. कोणत्या खाणींत, किती खोलीवर, कशाच्या वर आणि कशाच्या खालीं तो होता, हें हरवलें म्हणजे सौंदर्य राहतें, पण वहींतलें पान फाटून निराळें पडतें. पाण्याचा गुण केव्हां कसा बदलला हें त्या पानावरून वाचावयाचें होतें. तें मग कोणालाच वाचतां येत नाहीं.

म्हणून आपणांस कधीं रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या ढिगांत किंवा खडीच्या राशींत पांढऱ्या सुया असलेला अथवा चकाकणारा दगड मिळाला तर दोन गोष्टी कराव्यात. पहिली, तो घरीं नेण्यापूर्वीं गांवाचें नांव, जागा आणि तारीख कागदावर लिहून दगडाबरोबर ठेवावी. चामटोली किंवा वांगणी एवढा एक शब्दही कांहीं नसण्यापेक्षां पुष्कळ मोलाचा. दुसरी, त्याला तापवूं नये, तीव्र आम्लांत घालूं नये, आणि तंतु असतील तर बोटांनीं चोळूं नये. तापवल्यानें काय होतें तें नांवांतच नोंदलेलें आहे : ॲपोफिलाइट म्हणजे पापुद्रे सुटणारा, आणि स्कोलेसाइट म्हणजे किड्यासारखा वळवळणारा. आणि चालू खाणींत, उभ्या कड्याखालीं, कोणत्याही मोहानें जाऊं नये.

मुलांना स्फटिकाची वाढ प्रत्यक्ष दाखवावयाची असेल तर त्यासाठीं तुरटी पुरे. गरम पाण्यांत विरघळेल तितकी तुरटी विरघळवावी, फडक्यांतून गाळावी आणि भांडें झांकून एका बाजूस ठेवावें. तळाशीं पडलेल्या दाण्यांतून एक स्वच्छ दाणा निवडावा, बारीक दोऱ्याला बांधावा, आणि पूर्ण निवलेल्या, गाळून घेतलेल्या त्याच द्रावणांत लोंबकळत सोडावा. वर कागद झांकून भांडें हलणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावें. कांहीं दिवसांत आठ बाजू स्पष्ट दिसूं लागतील. मुलें दर तासाला दोरा उचलून पाहतील. त्यांना पाहूं नका म्हणून सांगणें व्यर्थ आहे. पण ज्या भांड्याला कोणी हात लावला नाहीं त्यांतला खडा अधिक सुबक झालेला त्यांना दिसला, तर सांगावयाचें कांहीं उरणार नाहीं. एखाद्या बाजूस मुद्दाम ओरखडा काढून तो खडा पुन्हां द्रावणांत सोडावा. ओरखडा भरून येतो आणि बाजू पुन्हां सपाट होते. मंदिराची तुटलेली कड पाथरवटावांचून सांधली जात नाहीं. स्फटिकाला मात्र द्रावण मिळेपर्यंत आपली कड आपण सांधतां येते.

तेव्हां पैलू कोणीं पाडले, या प्रश्नाचें उत्तर असें कीं, ते कोणीं पाडलेले नाहींत. ते उरलेले आहेत. कणांनीं आपल्या स्वभावानुसार जागा धरल्या, घाई करणाऱ्या बाजू नाहींशा झाल्या, आणि सावकाश वाढणाऱ्या बाजू आपल्यासमोर आल्या. त्यांना लागलें होतें तें एवढेंच : थोडें द्रव्य, मोकळी जागा आणि पुरेसा वेळ. यांपैकीं द्रव्य आपल्या डोंगरांत अजूनही भरपूर आहे. जागा आणि वेळ मात्र जेथें एकदां मिळून गेला, तेथील ठेवा निदान नांवगांवासह जपून ठेवणें एवढें आपल्या हातीं आहे.